तळपाय : शुश्रूषा आणि चिकित्सा

बंगळूर शहरातील शिवाजीनगर हे नाव कानी पडताच मराठी माणसाचे मन साहजिकच शहाजीराजांच्या काळाकडे धाव घेते. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि शिवरायांच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आज जिला शिवाजीनगर म्हणतात ती वस्ती त्या काळची नव्हे. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणाहून आपली फौज हलवून बंगळुरास छावणी वसविली. त्या छावणीच्या आश्रयाने ब्लॅकपल्ली नावाची बाजारवस्ती वाढली आणि पुढे तिलाच शिवाजीनगर हे नाव मिळाले. तमिळ, दखनी उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषा तेथील गल्ल्यांतून एकाच वेळी ऐकू येतात. १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट, सेंट मेरीचे प्रसिद्ध चर्च, आणि जवळच बाउरिंग व लेडी कर्झन या जोडनावाने ओळखले जाणारे सरकारी रुग्णालय, ही त्या वस्तीची ठळक ठिकाणे होत.

अशा बाजारवस्तीत माणसाचे पाय फार राबतात. फळे, फुले, भाजी, मासळी विकणारा दुकानदार सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. हमालाच्या पाठीवरचे ओझे अखेर त्याच्या पावलांनाच पेलावे लागते. रुग्णालयातील परिचारिका एका पाळीत किती येरझारा घालते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. दिवस मावळल्यावर या ठणकणाऱ्या पायांना प्रथम हवा असतो तो कोणाचा तरी हात. पाय चेपून घेण्याची ही गरज जगाइतकीच जुनी आहे. तिच्या जोडीला अलीकडे एक नवे आश्वासन आले आहे. तळपायाच्या अमुक बिंदूवर दाब दिला तर यकृत सुधारते, तमुक बिंदू दाबला तर मूत्रपिंडाचे कार्य सुरळीत होते, आणखी एक ठिकाण दाबीत राहिल्यास रक्तातील साखर उतरते, असे सांगणारी ही विद्या ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला पादप्रतिक्षेप-चिकित्सा म्हणता येईल. पूरक उपचार म्हणून ती आज जगभर रूढ झाली आहे. तिच्यापासून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी एखाद्याच्या पायावर, प्रसंगी प्राणावर बेतणारा आहे.

पाय आणि मस्तक यांचे नाते मराठी भाषेला पूर्वीपासून मान्य आहे. संतापलेल्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि डोके जड झाले म्हणजे तो पाय मोकळे करावयास बाहेर पडतो. वैद्यकानेही पायाची उपेक्षा केलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे, म्हणजे पायाला तेल चोळण्याचे, फायदे सांगितले आहेत : पायांचा खरखरीतपणा, रुक्षपणा, जडपणा, थकवा आणि बधिरपणा कमी होतो, पाऊल मऊ, बळकट व स्थिर होते, दृष्टी प्रसन्न होते. वाग्भटाने रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि पाय या तीन ठिकाणांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले. युनानी वैद्यकात ‘पाशोया’ नावाचा उपचार आहे. डोकेदुखीत किंवा झोप येत नसेल तर पाय औषधी पाण्याने धुवावयाचे आणि वरचा दोष खाली ओढून घ्यावयाचा, अशी त्यामागची कल्पना. युनानी वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आज बंगळुरातच आहे.

महाराष्ट्रातील घरांतून हेच काम काशाच्या वाटीने केले. उन्हाळ्यात डोळ्यांची आग होऊ लागली की आजी तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाची वाटी फिरवीत असे. थोड्या वेळाने तळवा काळसर होई आणि ‘बघ, किती उष्णता निघाली’ असे ती समाधानाने म्हणे. तो काळेपणा वस्तुतः तांबे आणि कथील यांच्या त्या मिश्रधातूचा, तूप व घाम यांच्याशी झालेल्या घर्षणाचा असतो. परंतु त्यानंतर नातवाला जी शांत झोप लागे ती मात्र खरी असे. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय वाटेवरच्या गावांतून चेपून दिले जातात. त्या सेवेमागे कोणतेही शास्त्र सांगितले जात नाही. थकलेल्याला विसावा मिळावा, एवढाच तिचा हेतू असतो.

या साऱ्या परंपरांत एक गोष्ट समान आहे. पायाला चोळल्याने पायाला, डोळ्यांना, झोपेला बरे वाटते, असे त्या सांगतात. तळव्यावर यकृत-मूत्रपिंडांचा तपशीलवार नकाशा मात्र त्यांनी काढलेला नाही. सुश्रुताने पायातील मर्मे सांगितली, आणि त्यांत तळव्याच्या मध्यावरचे ‘तळहृदय’ हे नावही येते. तथापि मर्म म्हणजे जेथे इजा झाली असता मोठी हानी होते असे जपण्याचे स्थळ. आतील इंद्रिय चालविण्याची ती कळ नव्हे. इजिप्तमध्ये सक्कारा येथे अंखमाहोर याच्या थडग्यात हातापायांची देखभाल चालली असल्याची शिल्पचित्रे आहेत आणि या चिकित्सेचे अभिमानी तिचा उगम तेथपर्यंत नेतात. ती चित्रे उपचाराची आहेत की नखे घासण्याची, याविषयी मतभेद आहेत.

आज प्रचारात असलेला नकाशा तुलनेने अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात हार्टफर्ड येथे विल्यम फिट्झजेरल्ड नावाचे कान-नाक-घशाचे शल्यवैद्य होते. हाताच्या बोटांवर दाब दिला असता शरीराच्या दुसऱ्या भागातील वेदना काही काळ कमी होतात, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, आणि १९१७ मध्ये एडविन बॉवर्स यांच्यासह या ‘झोन थेरपी’वर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर युनिस इंगहॅम या बाईंनी सारे लक्ष पायांवर केंद्रित केले. अनेकांचे तळवे दाबून पाहून, कोठे दुखते आणि रोग्याची तक्रार काय, यांची सांगड घालीत त्यांनी तळपायावर सबंध शरीराचा आराखडा मांडला. १९३८ साली त्यांचे पुस्तक निघाले. बोटांच्या टोकांशी डोके, चवड्यापाशी फुप्फुसे, पोकळ भागात पोटातील इंद्रिये आणि टाचेकडे कटिभाग, अशी ती रचना आहे. पुढे जर्मनीत हान्ने मार्क्वार्ट या परिचारिकेने आणि तैवानात योसेफ ऑयग्स्टर या स्विस धर्मगुरूंनी या विद्येचा मोठा प्रसार केला.

नकाशा सुबक असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही. त्यातील वाटा जमिनीवर सापडाव्या लागतात. तळव्यातील संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची वाट शरीरशास्त्राला तंतोतंत माहीत आहे. त्या घोट्याच्या आतल्या बाजूने पोटरीत, तेथून मांडीत आणि शेवटी पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या भागात पोहोचतात. तेथून मज्जारज्जूच्या मार्गाने मेंदूकडे जातात. वाइल्डर पेनफील्ड यांनी माँट्रियल येथे मेंदूवरील शस्त्रक्रियांच्या वेळी केलेल्या निरीक्षणांवरून मेंदूच्या पृष्ठभागावर प्रत्येक अवयवाची जागा निश्चित केली. त्या नकाशात पायालाही स्वतःची जागा आहे, मात्र ती केवळ पायाची आहे.

आतील इंद्रियाचे दुखणे त्वचेवर दुसरीकडे जाणवते, ही गोष्ट खोटी नाही. हृदयविकाराची कळ डाव्या हातात उतरते, हा अनुभव सर्वत्र परिचित आहे. हेन्री हेड या इंग्रज वैद्याने १८९३ मध्ये अशा त्वचाक्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असे घडण्याचे कारण इतकेच की, हृदयाकडून येणारे आणि हाताकडून येणारे काही तंतू मज्जारज्जूच्या एकाच टप्प्यावर येऊन मिळतात. हृदयाचे आणि यकृताचे टप्पे छातीच्या पातळीवर आहेत, तर तळव्याचे टप्पे कंबरेच्या आणि त्रिकास्थीच्या पातळीवर. या वाटेने पाहू गेल्यास तळव्यावर यकृताचा बिंदू का असावा, याचे उत्तर मिळत नाही. शिवाय वेगवेगळ्या आचार्यांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच्या नकाशात एका इंद्रियाची जी जागा आहे, ती दुसऱ्याच्या नकाशात सरकलेली दिसते.

अर्थात कारण सापडले नाही म्हणून गुणही नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. अनेक औषधांचे गुण आधी कळले आणि कारणे मागाहून. म्हणून प्रयोगाचा कौल पाहिला पाहिजे. २००० साली इंग्लंडमध्ये एक परीक्षा घेण्यात आली. रुग्णांचे आजार न सांगता, केवळ पाय तपासून दोन अनुभवी पादचिकित्सकांनी निदान करावयाचे होते. त्यांना आजार ओळखता आले नाहीत आणि त्या दोघांचे आपसातही फारसे जमले नाही. एक्सेटर विद्यापीठात पूरक वैद्यकाचेच प्राध्यापक असलेल्या एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये, रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून झालेल्या १८ चाचण्यांचा आढावा घेतला. कोणताही रोग या उपचाराने बरा होतो असा पटण्याजोगा पुरावा त्यांना आढळला नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी आढाव्यानंतर एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्यविम्याच्या सवलतीतून अनेक नैसर्गिक उपचार वगळण्यात आले, आणि त्यांत हाही होता.

याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेत ग्वेन वायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या बळावलेल्या कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या ३८५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला ज्यांना पादचिकित्सा मिळाली त्यांची धाप कमी झाली आणि रोजची हालचाल अधिक चांगली राहिली. वेदना, मळमळ, चिंता व खिन्नता यांत मात्र फरक दिसला नाही. चार पावले चालल्यावर ज्या बाईला धाप लागते, तिला हा लाभ क्षुल्लक वाटणार नाही. रोग तेथेच राहिला, परंतु रोग्याचे ओझे थोडे हलके झाले.

ज्याचे पाय राबले आहेत त्याला चेपल्याने बरे वाटते, यात आश्चर्य नाही. पावलात २६ हाडे आणि त्यांना बांधणारे असंख्य स्नायुबंध असतात. हळूवार दाबाने आखडलेले स्नायू सैल होतात, श्वास संथ होतो, मन निवते. पण याहून मोठी गोष्ट आणखी एक आहे. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. त्यावरून तो सेवा या अर्थाने रूढ झाला. पाय चेपणारा माणूस अर्धा-पाऊण तास रुग्णाजवळ बसतो. कोठे दुखते ते हाताने शोधतो, केव्हापासून दुखते ते विचारतो, आणि सांगणाऱ्याचे ऐकून घेतो. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपुढे रुग्णांची रांग असते आणि एकेकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेथे चिकित्सा मिळते, पण शुश्रूषेला वेळ उरत नाही. लोक पादचिकित्सेकडे वळतात ते पुष्कळदा या भुकेने. त्यांना भोळसट ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

खरा धोका सुरू होतो तो शुश्रूषेने चिकित्सेची जागा घेतली म्हणजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह दीर्घकाळ आटोक्याबाहेर राहिला की पायांचे मज्जातंतू निकामी होऊ लागतात आणि रक्तपुरवठाही घटतो. पाय प्रथम झिणझिणतात, मग बधिर होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. खडा टोचला, फोड आला, जखम चिघळली तरी दुखत नाही. अशा माणसाला खरखरीत उंचवट्यांची ‘अॅक्युप्रेशर’ चप्पल दिली किंवा लाकडी दांडक्याने त्याच्या तळव्यावर जोराने दाब दिला, तर तो ‘अजून दाबा, काही दुखत नाही’ असेच म्हणेल. त्याचे हे न दुखणे सुधारणेचे चिन्ह नसून संकटाची सूचना असते. शेक घेण्यासाठी गरम पाण्यात पाय सोडून बसणाऱ्या मधुमेह्याचे पाय भाजतात आणि तेही त्याला कळत नाही.

वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे ज्यांनी जगाला पटवून दिले त्यांचे कार्यक्षेत्र बंगळूरपासून फार दूर नव्हते. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या झडणाऱ्या बोटांचे कोडे उलगडले. रोग बोटे खात नाही. तो बधिरता आणतो, आणि न कळता होणाऱ्या रोजच्या इजांनी बोटे जातात, असे त्यांनी दाखवून दिले. मऊ रबराच्या तळाची साधी चप्पल हे त्यांच्या काळापासून भारतात या रोग्यांच्या पायांचे मोठे संरक्षण ठरले. १९६६ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि हेच तत्त्व मधुमेह्यांच्या पायांनाही लागू पडले. पायातील संवेदना शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची रीत आज अगदी सोपी आहे. दहा ग्रॅम भाराला वाकणारा एक नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवावयाचा आणि रुग्णाला डोळे मिटून कोठे स्पर्श झाला ते विचारावयाचे. या तपासणीला ना मोठे यंत्र लागते, ना फार पैसा.

पूरक आणि पर्यायी या दोन शब्दांतले अंतर बोलताना लहान वाटते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगांच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण नेहमीच्या उपचारांबरोबर पूरक उपचारही घेत होते. इतर रुग्णांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. पूरक उपचारात काही विष होते असे नव्हे. त्या रुग्णांपैकी पुष्कळांनी शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा औषधे यांपैकी काही ना काही नाकारले होते, आणि तो नकार हिशेबात धरल्यावर धोक्यातील फरक उरला नाही. जोडीला म्हणून घेतलेली गोष्ट हळूहळू मुख्य उपचाराच्या जागी जाऊन बसते, ती अशी. संसदेने १९५४ सालीच आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा केला आणि मधुमेह व कर्करोगासारखे रोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घातली. परंतु तोंडी दिलेल्या आश्वासनावर कोणताही कायदा पहारा ठेवू शकत नाही. तेथे रुग्णाचे आणि उपचारकाचे तारतम्यच उपयोगी पडते.

हे तारतम्य कठीण नाही. ज्याचे पाय केवळ थकले आहेत त्याने ते निःशंक चेपून घ्यावेत. मधुमेह्याने आधी संवेदनेची तपासणी करवून घ्यावी, दाब हलकाच ठेवावा, पाणी कोपराने पाहिल्याखेरीज पाय त्यात घालू नये आणि बोटांच्या बेचक्यांत तेल वा ओल राहू देऊ नये. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन दुखू लागली, तर तेथे चोळणे कटाक्षाने टाळून रुग्णालय गाठावे. कारण शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखम, फोड, काळवंडलेले बोट दिसले तरी हेच करावे. आणि कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध बंद करू नये.

उपचारकाला तर याहून मोठे काम करता येण्याजोगे आहे. माणूस आरशात तोंड रोज पाहतो, तळवा मात्र क्वचितच पाहतो. वृद्धाला तर वाकून तो पाहणेही जमत नाही. पाय चेपणाऱ्याच्या हातात तो तळवा अर्धा तास असतो. न दुखणारी जखम, बधिर झालेली टाच, थंड पडलेले बोट त्याच्या नजरेस डॉक्टरांच्याही आधी पडू शकते. त्याने तेवढे ओळखले आणि ‘उद्या रुग्णालयात जाऊन दाखवा’ असे सांगितले, तर एखाद्याचा पाय वाचेल. नकाशातील यकृताचा बिंदू शोधण्यापेक्षा ही दृष्टी कितीतरी अधिक मोलाची आहे. रुग्णालयांनीही या हातांकडून एक गोष्ट घ्यावी. मधुमेह्याला मोजे काढावयास सांगून त्याचे तळवे पाहावयाचे आणि पाहता पाहता दोन शब्द ऐकून घ्यावयाचे, यास फार वेळ लागत नाही.

शिवाजीनगरच्या बाजारात संध्याकाळी दुकाने आवरली जातात तेव्हा दमलेल्या माणसाला दोन्हींची गरज असते : पाय हाती घेणाऱ्याची, आणि त्या पायाचे काय बिघडले आहे ते जाणणाऱ्याची. या दोघांनी एकमेकांची जागा न घेता एकमेकांना ओळखावे, इतकेच ‘पूरक’ या शब्दाचे मागणे आहे.